‘काही शंका?’ आणि त्यानंतरची शांतता

तास संपायला पाच मिनिटं उरलेली असतात. सर खडू ठेवतात, हात झटकतात आणि विचारतात, ‘काही शंका?’ साठ जणांचा वर्ग एकदम वहीत डोकं घालतो. कोणी पेनाचं टोपण लावतं, कोणी उगीचच तारीख लिहितं. ‘म्हणजे सगळ्यांना कळलं,’ असं म्हणून सर निघतात. दहा मिनिटांनी त्याच वर्गातली चौघं टपरीवर कटिंग घेत भांडत असतात. सरांचा तो मुद्दा पटण्यासारखा नव्हताच मुळी! एक जण बाकड्यावर हात आपटतो, दुसरी त्याचं वाक्य मध्येच तोडते, तिसरा पुस्तकातलं पानच उघडून दाखवतो.

मुलं तीच, विषयही तोच. मग वर्गात बसलेली दातखीळ टपरीवर कशी सुटते? ‘हल्लीच्या मुलांना बोलायलाच नको’ हे उत्तर टपरीच खोटं पाडते. खरं उत्तर बसण्याच्या मांडणीत, प्रश्नाच्या जातीत आणि दोन-तीन सेकंदांच्या हिशेबात सापडतं. व्याख्यानाऐवजी चर्चेवर चालणाऱ्या वर्गात हा सगळा हिशेब मुद्दाम बदललेला असतो. असा वर्ग कसा चालतो आणि त्यात बसलेल्या विद्यार्थ्याला नेमकं काय होतं, ते पाहू.

अळणी आमटीची पंगत

पंगतीत आमटी अळणी झालेली असते. प्रत्येकाला ते कळतं, पण शेजारचा मुकाट्यानं भुरका मारतोय हे पाहून वाटतं, आपल्याच जिभेला चव नसेल. पंगत उठते, मीठ कोणीच मागत नाही.

वर्गात हेच घडतं. न कळलेला मुलगा स्वतः गप्प बसतो तो लाजेनं. पण बाकीच्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ तो ‘त्यांना कळलंय’ असा लावतो. समाजमानसशास्त्रात याला सामूहिक गैरसमज म्हणता येईल असं एक नाव आहे. आपण त्याला अळणी आमटीच म्हणू.

त्यात भर पडते घाईची. अमेरिकेतल्या शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात शाळांमधल्या विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं ऐकून शिक्षक प्रश्न विचारल्यावर किती वेळ थांबतात ते मोजलं. सरासरी निघाली साधारण एक सेकंद. तेवढ्यात उत्तर आलं नाही, तर शिक्षक दुसऱ्याला विचारत, प्रश्न बदलत किंवा स्वतःच उत्तर देऊन टाकत. मग त्यांनी काही शिक्षकांना तीन सेकंद किंवा त्याहून जास्त थांबायची सवय लावली. उत्तरं कित्येक पटींनी लांबली, ‘माहीत नाही’ कमी झालं, एरवी मागे राहणारी मुलं बोलू लागली आणि मुलं एकमेकांच्या बोलण्यावरही बोलू लागली. अभ्यासक्रम तोच, शिक्षक तेच. बदलली ती फक्त शांततेची लांबी.

सेमिनार म्हणजे रोपवाटिका

आपल्याकडे ‘सेमिनार’ हा शब्द फार वापरून झिजला आहे. ‘उद्या माझा सेमिनार आहे’ म्हणजे उद्या मी पडद्यावरच्या वीस स्लाइड वाचून दाखवणार, दोन मित्र ठरलेले प्रश्न विचारणार आणि अंतर्गत गुण मिळणार. महाविद्यालयाच्या हॉलमधला सेमिनार म्हणजे हारतुरे, दीपप्रज्वलन आणि ओळीनं भाषणं. दोन्हींत चर्चा सोडून सगळं असतं.

मूळ लॅटिन शब्द ‘सेमिनारियुम’, म्हणजे बियाणं रुजवायची जागा, रोपवाटिका. कोकणात भाताचा तरवा आधी जमिनीच्या एका छोट्या तुकड्यात दाट पेरतात आणि रोपं हातभर झाली की उपटून खाचरात लावतात. जर्मन विद्यापीठांनी नेमकं हेच केलं. ग्योटिंगेनला १७३८ मध्ये आणि हालेला १७८७ मध्ये प्राचीन भाषांच्या अभ्यासाचे सेमिनार सुरू झाले. मोजके विद्यार्थी, समोर एक ग्रंथ, आणि त्यावर प्रत्येकानं स्वतःचं म्हणणं मांडून इतरांकडून तपासून घ्यायचं. पुढे बर्लिनमध्ये इतिहासकार लेओपोल्ड फॉन रांके यांनी मूळ कागदपत्रं पुढ्यात घेऊन इतिहासाचे असे वर्ग चालवले. १८७६ साली स्थापन झालेल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठानं ही पद्धत अमेरिकेत रुजवली.

आज ही पद्धत सगळ्यात शुद्ध रूपात पाहायची असेल, तर मेरीलँडमधल्या अ‍ॅनापोलिस गावातलं सेंट जॉन्स कॉलेज पाहावं. १९३७ पासून तिथे पाठ्यपुस्तकं बाजूला ठेवून मूळ ग्रंथ वाचले जातात. पहिल्या वर्षाच्या सेमिनारची सुरुवात होमरच्या ‘इलियड’नं होते. परंपरेनं आठवड्यातून दोनदा, रात्री आठ वाजता, सुमारे वीस विद्यार्थी एका मोठ्या टेबलाभोवती बसतात. शिक्षक दोन असतात आणि त्यांना ‘प्रोफेसर’ न म्हणता ‘ट्यूटर’ म्हणतात. विद्यार्थी आणि शिक्षक एकमेकांना आडनावानं, ‘मिस्टर’, ‘मिस’ लावून हाक मारत आले; अनेक दशकांची ही प्रथा. आपल्या अरे-तुरे आणि अहो-जाहोच्या हिशेबात सांगायचं, तर टेबलाभोवती सगळेच ‘अहो’. वयाची आणि ओळखीची उतरंड तेवढे दोन तास दाराबाहेर राहते.

चांगला प्रश्न आणि घडीचा रुमाल

अशा वर्गात शिक्षकाचं मुख्य काम एकच: सुरुवातीचा प्रश्न. तो परीक्षेतला प्रश्न नसतो. ‘अमुक पात्राचं स्वभावचित्रण करा’ म्हटलं की वर्गाला ओळखीचा वास येतो आणि सगळे गाइडमधलं उत्तर आठवायला लागतात. चर्चेच्या प्रश्नाचं उत्तर शिक्षकाच्या खिशात तयार नसावं लागतं, आणि ते शोधायला पुन्हा पुस्तकातच शिरावं लागतं.

चांगला प्रश्न डोक्यात काय करतो, ते प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादात दिसतं. सेंट जॉन्सच्या पहिल्या वर्षाला हा ग्रंथ असतो. त्यात सॉक्रेटिस भूमिती न शिकलेल्या एका गुलाम मुलाला विचारतो: दोन फूट बाजूचा चौरस आहे, क्षेत्रफळ चार. याच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस हवा, तर बाजू किती? मुलगा ठामपणे सांगतो, दुप्पट; चार फूट. मोजल्यावर क्षेत्रफळ निघतं सोळा. मग तो तीन म्हणतो, निघतं नऊ. हवं असतं आठ. मुलगा थांबतो आणि कबूल करतो की मला माहीत नाही. इथे सॉक्रेटिस आपल्याशी संवाद करणाऱ्या मेनोचं लक्ष वेधतो: मघाशी या मुलाला माहीत नव्हतं, पण माहीत आहे असं वाटत होतं, आता माहीत नाही हे तरी कळलंय, म्हणजे तो पुढेच आला.

उत्तर हातानं करून बघा. चौकोनी रुमाल घ्या, चारही टोकं मध्यबिंदूवर आणून दुमडा. जो लहान चौरस तयार होतो तो सगळीकडे दुहेरी आहे, म्हणजे क्षेत्रफळानं बरोबर निम्मा. आता उलट विचार करा. लहान चौरसाचा कर्ण मोजा. तो मोठ्या रुमालाच्या बाजूएवढाच भरतो. म्हणजे दुप्पट चौरस हवा असेल, तर मूळ चौरसाचा कर्ण हीच नव्या चौरसाची बाजू. मी हे एका वाक्यात सांगून टाकलं असतं, तर तुम्ही मान डोलावून पुढे गेला असता. ‘चार’ आणि ‘तीन’ या दोन चुका करून आलेल्याला मात्र कर्ण जन्मभर लक्षात राहतो. सेमिनारमधला पहिला अर्धा तास बहुतेकदा या ‘चार’ आणि ‘तीन’मध्येच जातो. नव्या विद्यार्थ्याला तो फुकट गेल्यासारखा वाटतो.

बोलायची फट सापडत नाही

चर्चेच्या वर्गात बसलेल्या अबोल मुलांना विचारलं, तर एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘मला बोलायचं होतं, पण तोवर विषय पुढे गेला.’ ही सबब नाही. यामागे मेंदूचं घड्याळ आहे.

जगातल्या दहा भाषांतली संभाषणं तपासून २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यातली फट सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आसपास असते. उलट, समोरच्या चित्राचं साधं एका शब्दात नाव सांगायचं, तरी मेंदूला अर्ध्या सेकंदाहून जास्त तयारी लागते. याचा अर्थ सरळ आहे: समोरचा बोलत असतानाच आपण आपलं वाक्य जुळवायला घेतलेलं असतं. चालत्या लोकलमध्ये चढण्यासारखंच हे. ज्याला सवय आहे तो फलाटावर आधीच दोन पावलं धावायला लागलेला असतो. जो ‘गाडी थांबली की चढू’ म्हणतो, तो फलाटावरच राहतो. विचार करून बोलणारी, इंग्रजी माध्यमाच्या वर्गात मनात मराठीतून जुळवाजुळव करणारी, घरात मोठ्यांसमोर न बोलण्याची शिस्त लागलेली मुलं इथे मागे पडतात. त्यांच्याकडे मुद्दा नसतो असं मुळीच नाही.

पटपट बोलणाऱ्यांचंही नुकसान होतं, ते वेगळं. माल्कम ब्रेनर या संशोधकानं १९७३ मध्ये एक मजेशीर प्रयोग मांडला. गोलात बसलेल्या लोकांनी पाळीपाळीनं शब्द वाचायचे आणि नंतर सगळ्यांचे आठवायचे. आपल्या पाळीच्या लगेच आधी वाचलेले शब्द लोकांना सगळ्यात कमी आठवले. आपली पाळी जवळ आली की कान बंद होतात. वर्गात ‘प्रत्येकानं एकेक मुद्दा सांगा’ अशी पाळी लावली, की शेजारच्याचं कोणीच ऐकत नाही ते यामुळे.

म्हणून जाणते शिक्षक दोन साध्या गोष्टी करतात. प्रश्न दिल्यावर दोन मिनिटं सगळ्यांना कागदावर काहीतरी लिहायला लावतात. म्हणजे वाक्य आधीच तयार, गाडी थांबलेली. आणि बोलण्याआधी मागच्याचं म्हणणं एका वाक्यात सांगण्याचा नियम घालतात. म्हणजे कान उघडे ठेवावेच लागतात.

सांगायला गेलं की कळतं

रोज वापरतो ती सायकल कागदावर काढून बघा. साखळी कुठून कुठे जाते? पेडल कशाला जोडलेलं असतं? लिव्हरपूलच्या रेबेका लॉसन यांनी २००६ मध्ये लोकांना हेच करायला लावलं, तेव्हा सायकल नेहमी पाहणाऱ्यांनीही पुढच्या आणि मागच्या चाकाला साखळी जोडून टाकली. अशी सायकल वळणारच नाही. येल विद्यापीठातल्या रोझेनब्लिट आणि कील यांनी २००२ मध्ये कपड्याची चेन, कुलूप, फ्लशची टाकी अशा वस्तूंबद्दल तेच दाखवलं होतं. ‘हे कसं चालतं ते मला चांगलं माहीत आहे’ म्हणणाऱ्यांना पायरीपायरीनं समजावून सांगायला लावलं, की ते स्वतःच स्वतःचे गुण कमी करत.

ऐकताना कळल्यासारखं वाटतं आणि सांगताना भोकं दिसतात. चर्चा ही भोकं सगळ्यांसमोर दाखवते, म्हणून ती त्रासदायक आणि म्हणूनच उपयोगी असते.

पण सगळेच अर्धवट समजलेले असतील, तर आंधळ्यानं आंधळ्याला वाट दाखवावी तसं नाही का होणार? कोलोरॅडो विद्यापीठातल्या आनुवंशिकीच्या वर्गात हे तपासलं गेलं आणि २००९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. आधी प्रत्येकानं एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्यांशी बोलून पुन्हा द्यायचं, आणि नंतर त्याच कल्पनेवरचा दुसरा प्रश्न एकट्यानं सोडवायचा. ज्या गटांत सुरुवातीला कोणालाच बरोबर उत्तर येत नव्हतं असं दिसत होतं, तिथेही दुसऱ्या प्रश्नाला सुधारणा झाली. हुशार मुलाची नक्कल हे त्याचं कारण असू शकत नव्हतं. दोन अर्धवट समजुती एकमेकींवर घासल्या, की कुठली टिकत नाही ते कळतं.

‘आज काहीच शिकलो नाही’

आता सगळ्यात चकवणारी गोष्ट. चर्चेच्या वर्गातून बाहेर पडणारे पुष्कळ विद्यार्थी कुरकुरतात: ‘सरांनी काही शिकवलंच नाही.’ हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या प्राथमिक वर्गांवर झालेला आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग याच कुरकुरीचा आहे. अर्ध्या विद्यार्थ्यांनी एक विषय उत्तम व्याख्यानातून ऐकला, अर्ध्यांनी तोच विषय गटात झगडून सोडवला. पुढच्या विषयाला अदलाबदल केली. चाचणीत झगडणाऱ्यांना जास्त गुण मिळाले. पण ‘तुम्ही किती शिकलात असं वाटतं?’ या प्रश्नाला व्याख्यान ऐकणाऱ्यांनी जास्त मोठं उत्तर दिलं.

कारण उघड आहे. चांगलं व्याख्यान म्हणजे दुसऱ्यानं चालवलेल्या गाडीत खिडकीशी बसणं. रस्ता ओळखीचा वाटतो. चाक आपल्या हातात आलं की पहिल्याच चौकात गोंधळ होतो. त्या प्रयोगातून निघालेला व्यवहारी सल्ला असा, की ही भावना येणार आहे हे विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवावं.

न्यूयॉर्क, ९ मे १९१६

मराठी वाचकाला सेमिनारचं महत्त्व पटवायला एक तारीख पुरेशी आहे. कोलंबिया विद्यापीठात मानववंशशास्त्रज्ञ अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी ९ मे १९१६ रोजी भारतातल्या जातींच्या उत्पत्तीवर निबंध वाचला. त्यात त्यांनी आधीच्या अभ्यासकांच्या व्याख्या एकेक करून तपासल्या. त्यांपैकी एक होते श्रीधर व्यंकटेश केतकर, पुढचे ज्ञानकोशकार. केतकरांनी जातीची म्हणून सांगितलेली दोन लक्षणं खरं तर एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, असं दाखवत आंबेडकर एका मुद्द्यावर आले: जातीतच लग्न हाच जातीचा गाभा. पुढच्या वर्षी हा निबंध ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला.

हाच निबंध मी एका महाविद्यालयात चौदा मुलांच्या वर्गाला दिला होता. वर्गातली बाकं लोखंडी पट्टीनं एकमेकांना जोडलेली, म्हणून आम्ही वाचनालयातल्या लांब टेबलाशी बसलो. पहिल्या दिवशीचा पहिला प्रश्न अर्थातच ‘मॅडम, याच्या नोट्स मिळतील का?’ हा होता. मीही चूक केली. ‘निबंधाचा सारांश कोण सांगेल?’ असं विचारलं आणि अळणी आमटी वाढली. दुसऱ्या आठवड्यात प्रश्न बदलला: जातीचं मूळ शोधायला निघालेला हा माणूस विधवेपाशी येऊन का थांबतो?

भिंतीवरच्या घड्याळात मी अकरा सेकंद मोजले. मग तोवर एकदाही न बोललेली एक मुलगी पानावर बोट ठेवून म्हणाली, ‘जातीतच लग्न करायचं तर बायका आणि पुरुषांचा आकडा जुळायला हवा. नवरा मेला की एक बाई जास्त होते. त्यांनी हे गणितासारखं मांडलंय.’ पुन्हा शांतता. समोरचा मुलगा म्हणाला, ‘गणित म्हणू नकोस गं. आमच्या आजीचं आयुष्य गेलं त्यात.’ तिनं पान उलटलं आणि म्हणाली, ‘म्हणूनच तर. गणितासारखं मांडलं नसतं, तर नशीब म्हणून सोडून दिलं असतं.’ त्यानंतर तासाभरात मला बोलायची गरज पडली नाही.

वाद, जल्प आणि वितंडा

प्रत्येक चर्चा अशी रंगत नाही. ती कुठे बिघडते, हे आपल्याकडच्या न्यायसूत्रांनी फार पूर्वी नोंदवून ठेवलं आहे. चर्चेचे तिथे तीन प्रकार आहेत. सत्य काय ते समजून घ्यायला होतो तो वाद. जिंकण्यासाठी, वाटेल त्या युक्त्या वापरून होतो तो जल्प. आणि स्वतःची बाजू न मांडता फक्त समोरच्याची मोडायची ती वितंडा. मराठीनं ‘वितंडवाद’ जसाच्या तसा ठेवला, पण ‘वाद’ला मात्र भांडणाच्या पातळीवर आणून बसवलं. ‘वाद घालू नकोस’ असं आपण मुलांना सांगतो, तेव्हा तीन प्रकारांतल्या सगळ्यात चांगल्या प्रकाराला बंदी घालत असतो.

वक्तृत्व आणि वादविवाद स्पर्धांतली ढाल जिंकणारी मुलं सेमिनारमध्ये सुरुवातीला अडखळतात ती यामुळेच. त्यांना जल्प उत्तम येतो. ‘माझं चुकलं, तुझा मुद्दा धरून पुढे जातो’ हे वाक्य स्पर्धेत हरण्याचं लक्षण असतं. टेबलाभोवती ते तास सार्थकी लागल्याचं लक्षण असतं.

> थोडक्यात
> • वर्ग गप्प असतो तो कळल्यामुळे नव्हे. बाकीच्यांना कळलंय असं प्रत्येकाला वाटत असतं.
> • प्रश्नानंतर किमान तीन सेकंद थांबलं, तरी उत्तरं लांबतात आणि नवे आवाज येतात.
> • चर्चेच्या प्रश्नाचं तयार उत्तर शिक्षकाकडे नसावं, पण शोधायची जागा समोरच्या पानावर असावी.
> • आधी दोन मिनिटं लिहिणं अबोल मुलांना फट मिळवून देतं. मागच्याचं म्हणणं सांगण्याचा नियम बोलक्यांचे कान उघडतो.
> • ‘काहीच शिकलो नाही’ ही भावना शिकण्याचं माप नाही.
> • गोल बसता येईल एवढेच विद्यार्थी घ्यावेत. वीसच्या पुढे चर्चेची सभा होते.

साठ-सत्तर जणांच्या वर्गाला रोज सेमिनार परवडणार नाही, हे खरं. अभ्यासक्रम संपवायचा असतो, बाकं हलत नाहीत, परीक्षा नोट्सवरच घेतली जाते. पण आठवड्यातला एक तास आणि चार-पाच गट एवढं कुठल्याही गावातल्या महाविद्यालयाला जमण्यासारखं आहे. तेही नाही जमलं, तर शिक्षकांनी निदान ‘काही शंका?’ एवढं विचारायचं सोडून द्यावं. त्याऐवजी ‘यातलं कुठलं वाक्य पटलं नाही?’ असं विचारावं आणि मनातल्या मनात दहापर्यंत आकडे मोजावेत. सात-आठपर्यंत पोचता पोचता मागच्या बाकावर कोणीतरी घसा खाकरेल.